तांबड्याकडे सरकलेली रेषा

'ताम्रसृती म्हणजे काय?' असा प्रश्न विचारला तर बऱ्याच उत्तरपत्रिकांत साधारण असे उत्तर सापडते : 'आपल्यापासून दूर जाणारा तारा तांबडा दिसतो, यास ताम्रसृती म्हणतात, जवळ येणारा तारा निळा दिसतो, यास नीलसृती म्हणतात.' उत्तर चुकीचे आहे. पण त्यावर लाल रेघ ओढण्यापूर्वी शिक्षकांनी क्षणभर थांबावे, कारण हीच चूक ज्याने केली त्याचे नाव आपण या विषयाला दिले आहे. ती चूक खुद्द डॉप्लरची आहे.

२५ मे १८४२ रोजी प्राग येथील रॉयल बोहेमियन विज्ञान संस्थेपुढे क्रिस्टियान डॉप्लर या गणिताच्या प्राध्यापकाने एक निबंध वाचला. विषय होता जोडताऱ्यांचा आणि आकाशातील इतर काही ताऱ्यांचा रंगीत प्रकाश. डॉप्लरचा मूळ विचार अगदी साधा होता. लाटांना सामोरी जाणारी नाव घ्या. ती किनाऱ्याशी बांधलेली असताना मिनिटाला जितक्या लाटा तिच्यावर आदळतील, त्याहून अधिक लाटा ती पुढे जाताना आदळतील. लाटांच्या दिशेनेच ती निघाली तर कमी आदळतील. प्रकाश हीसुद्धा लहर आहे. मग तारा आपल्याकडे येत असेल तर लहरी दाटीने येतील, म्हणजे त्यांची तरंगलांबी कमी होईल, आणि तो दूर जात असेल तर ती वाढेल. इथपर्यंत सारे बिनचूक आहे. यापुढे डॉप्लरने उडी मारली. तारे मुळात पांढरेच असले पाहिजेत, आणि त्यांचे रंग त्यांच्या गतीमुळे दिसतात, असे त्याने मांडले.

ही उडी दोन कारणांनी चुकली. एक म्हणजे डोळ्यांना रंग बदललेला जाणवावा यासाठी ताऱ्याचा वेग सेकंदाला हजारो किलोमीटर असावा लागेल. आपल्या आसपासच्या ताऱ्यांचे वेग साधारणपणे काही दहा कि.मी. इतकेच असतात. दुसरे कारण अधिक मजेदार आहे. तारा फक्त दृश्य प्रकाश देत नाही. जांभळ्याच्या पलीकडे अतिनील आणि तांबड्याच्या पलीकडे अवरक्त किरणही देतो. तारा दूर जाऊ लागला की निळा प्रकाश हिरव्याकडे सरकतो हे खरे, पण निळ्याची रिकामी झालेली जागा भरायला अतिनील किरण सरकून येतात. रांग एक पाऊल पुढे गेली तरी खिडकीसमोर रांगच दिसते, तसे हे आहे. ज्येष्ठा किंवा काक्षी हे तारे तांबूस दिसतात ते त्यांचे पृष्ठभाग तुलनेने थंड आहेत म्हणून. त्यांच्या गतीचा त्याच्याशी संबंध नाही.

डॉप्लरच्या सूत्राची पहिली गाजलेली परीक्षा आकाशात झाली नाही, आगगाडीवर झाली. हॉलंडमधील बाइस बॅलॉट या तरुण शास्त्रज्ञाने १८४५ साली उत्रेख्त जवळच्या लोहमार्गावर तुतारी वाजवणारे वादक गाडीत बसवले आणि सुरांचा कान असलेले संगीतकार रुळांच्या कडेला उभे केले. फेब्रुवारीतला पहिला प्रयत्न हवामानाने उधळला. जूनमध्ये तो पार पडला. गाडी जवळ येताना सूर चढा ऐकू आला, दूर जाताना उतरलेला. ताशी ६५ कि.मी. वेगाने येणाऱ्या गाडीवर कोणी 'सा' लावला, तर उभ्या माणसाला तो जवळजवळ कोमल 'रे' इतका चढलेला ऐकू येईल, म्हणजे फरक कानाला सहज कळण्याजोगा आहे. बाइस बॅलॉटने ध्वनीच्या बाबतीत डॉप्लरला मान्यता दिली आणि त्याच वेळी ताऱ्यांच्या रंगांबद्दलचे त्याचे मत नाकारले. एकाच प्रयोगाच्या आधारे अर्धे स्वीकारणे आणि अर्धे नाकारणे ही गोष्ट वाटते तितकी सोपी नसते.

मग ताऱ्याची गती प्रकाशावरून ओळखायची कशी? रंग उपयोगाचा नाही, कारण रंगांच्या पट्ट्यावर कोठे खूण नसते. पण १८१४ साली फ्राउनहोफरने सूर्याच्या वर्णपटात शेकडो बारीक काळ्या रेषा नोंदवल्या होत्या. १८४८ साली फ्रान्समध्ये फिझोने सुचवले की पाहायचे असेल तर या रेषांकडे पाहा. तारा हलत असेल तर रंग बदलणार नाही, पण रेषा आपल्या जागेवरून सरकेल. पुढे १८५९ साली किरखॉफ आणि बन्सेन यांनी कोणती रेषा कोणत्या मूलद्रव्याची हे ओळखण्याची रीत घालून दिली. आता रस्त्यावर मैलाचे दगड बसले. हायड्रोजनची एक रेषा ४८६.१ नॅनोमीटरला असते हे प्रयोगशाळेत ठाऊक असेल, तर ताऱ्याच्या वर्णपटात ती किती सरकली हे मोजता येते.

या सरकण्याचे माप आज ज्या अक्षराने दाखवतात ते इंग्रजी 'झेड'. रेषेची मिळालेली तरंगलांबी घ्यावी, तिच्यातून मूळ तरंगलांबी वजा करावी, आणि बाकीला मूळ तरंगलांबीने भागावे. उत्तर धन आले तर ताम्रसृती, ऋण आले तर नीलसृती. हा नुसता एक गुणोत्तराचा आकडा आहे, त्याला एककसुद्धा नाही. एकाच वस्तूच्या सगळ्या रेषांसाठी तो सारखाच यावा लागतो, आणि रेषा खरोखर ओळखल्या गेल्या आहेत की नाहीत याची ही चांगली कसोटी आहे.

शब्दाबद्दलही येथे सांगितले पाहिजे. 'सृती' म्हणजे सरकणे. काही ग्रंथांत 'ताम्रच्युती' असाही शब्द आढळतो, अर्थ तोच. यातील 'ताम्र' हा शब्द दिशा सांगतो, रंग सांगत नाही. नाशिकहून मुंबईकडे निघालेली गाडी इगतपुरीत उभी असेल तर ती मुंबईत पोचली असे कोणी म्हणत नाही. तसेच निळी रेषा सरकून हिरव्या भागात आली, तरी ती तांबड्याच्या दिशेने सरकली म्हणून ताम्रसृतीच. दुसरी एक गल्लत 'अवरक्त' या शब्दाशी होते. अवरक्त हा प्रारणाचा प्रकार आहे, ताम्रसृती ही सरकण्याची क्रिया.

ताऱ्याची रेषा मोजण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न १८६८ साली विल्यम हगिन्सने केला. वडिलोपार्जित कापडाचा धंदा विकून या गृहस्थाने लंडनच्या टल्स हिल भागात घरीच वेधशाळा उभारली होती. त्याने निवडला आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, व्याध. वर्णपटदर्शकात एका बाजूला व्याधाची हायड्रोजन रेषा, शेजारी हायड्रोजन भरलेल्या नळीतून आलेली तीच रेषा, आणि पाहणारा डोळा. हगिन्सला व्याधाची रेषा ०.१०९ नॅनोमीटर तांबड्याकडे सरकलेली आढळली. पृथ्वीची स्वतःची गती वजा केल्यावर व्याध सेकंदाला सुमारे ४७ कि.मी. वेगाने दूर जात आहे, असे त्याने जाहीर केले.

आज आपल्याला ठाऊक आहे की व्याध आपल्याकडे येत आहे, सेकंदाला साधारण साडेपाच कि.मी. वेगाने. म्हणजे आकडा तर चुकलाच, चिन्हही चुकले. तरीही हगिन्सचे नाव या इतिहासातून वगळता येत नाही, कारण रीत बरोबर होती. कमकुवत होता तो डोळा. लंडनच्या थरथरणाऱ्या हवेत नाचणाऱ्या रेषेचा केसाएवढा फरक नजरेने ठरवायचा, हे काम माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. १८८८ च्या सुमारास जर्मनीत पॉट्सडॅम येथे फोगेलने वर्णपटाचे छायाचित्र काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली रेषा मोजायला सुरुवात केली, तेव्हा कोठे ताऱ्यांचे दृष्टिरेषेतील वेग भरवशाचे होऊ लागले. दृष्टिरेषेतील असे मुद्दाम म्हणतो, कारण तारा आडवा सरकत असेल तर त्या हालचालीचा रेषेवर दखल घेण्याजोगा परिणाम होत नाही.

आता या कथेतील खरा नायक येतो. पाठ्यपुस्तकांत त्याचे नाव क्वचित आढळते.

व्हेस्टो स्लायफर हा इंडियाना प्रांतातला तरुण १९०१ साली अॅरिझोनातील फ्लॅगस्टाफ येथल्या लॉवेल वेधशाळेत नोकरीला लागला. वेधशाळेचा धनी पर्सिव्हल लॉवेल हा मंगळावरील कालव्यांच्या कल्पनेने झपाटलेला होता. सर्पिल अभ्रिका म्हणजे जन्माला येत असलेल्या ग्रहमाला असाव्यात असे त्याला वाटे, म्हणून त्याने स्लायफरला त्यांचे वर्णपट घेण्यास सांगितले. काम अवघड होते. दुर्बीण २४ इंचांची. मोठ्या वेधशाळांच्या मानाने मध्यमच. अभ्रिकेचा प्रकाश अतिशय मंद, आणि तो लोलकातून पसरवला की आणखी मंद.

स्लायफरच्या ध्यानात एक मर्म आले. ताऱ्यासारख्या बिंदूसाठी दुर्बिणीचे भिंग मोठे असणे महत्त्वाचे ठरते, पण अभ्रिकेसारख्या पसरट वस्तूसाठी वर्णपटाच्या कॅमेऱ्याचे भिंग किती 'वेगवान' आहे यावर सारे अवलंबून असते. त्याने तसे भिंग बसवले, लोलक एकच ठेवला. १७ सप्टेंबर १९१२ रोजी त्याने देवयानी अभ्रिकेकडे दुर्बीण रोखली आणि जवळजवळ सात तास काच उघडी ठेवली. नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये आणखी काचा घेतल्या. शेवटची तर वर्षाच्या अखेरीस एकाहून अधिक रात्री मिळून पुरी झाली. मोजणीत जे निघाले त्यावर त्याचाही चटकन विश्वास बसला नसावा. रेषा हजारात एक भाग सरकलेल्या होत्या, म्हणजे सेकंदाला ३०० कि.मी. तोवर मोजलेल्या कोणत्याही ताऱ्याच्या सर्वसाधारण वेगाच्या कितीतरी पट.

आणि सरकल्या होत्या निळ्याकडे. विश्व प्रसरण पावते या शोधाची पहिली काच नीलसृतीची निघावी, हा योगायोग वर्गात अवश्य सांगावा. देवयानी दीर्घिका खरोखरच आपल्या दिशेने येत आहे. त्या ३०० पैकी मोठा भाग आपला सूर्य आकाशगंगेभोवती फिरतो त्या गतीचा आहे. तो वजा केला की सेकंदाला साधारण ११० कि.मी. उरतात. शेजारच्या दोन मोठ्या दीर्घिका एकमेकींच्या गुरुत्वाकर्षणाने जवळ ओढल्या जात आहेत.

लॉवेलने पत्राने अभिनंदन केले आणि पडताळ्यासाठी इतर सर्पिल अभ्रिका पाहण्यास सांगितले. स्लायफरने पाहिल्या. कन्या राशीच्या दिशेला असलेली, टोपीसारखी दिसणारी एक अभ्रिका सेकंदाला सुमारे १००० कि.मी. वेगाने दूर जात असल्याचे निघाले. एकेका काचेला आता वीस-वीस, चाळीस-चाळीस तास लागत. अंधाऱ्या थंड घुमटात रात्रीमागून रात्री तीच अंधूक अभ्रिका फटीवर धरून ठेवायची. ऑगस्ट १९१४ मध्ये इव्हान्स्टन येथे अमेरिकन खगोलशास्त्रीय सोसायटीच्या सभेत त्याने १५ अभ्रिकांचे वेग वाचून दाखवले, तेव्हा श्रोत्यांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. त्या श्रोत्यांत एडविन हबल नावाचा एक पंचविशीपलीकडे नसलेला विद्यार्थी होता. १९१७ पर्यंत आकडा २५ वर गेला : २१ दूर जाणाऱ्या, फक्त ४ जवळ येणाऱ्या. एडिंग्टनने १९२३ साली आपल्या सापेक्षतेवरील ग्रंथात स्लायफरकडून मिळालेली यादी छापली, तीत ४१ पैकी ३६ दूर जाणाऱ्या होत्या.

गतीने इकडेतिकडे विखुरलेल्या वस्तू असत्या तर निम्म्या जवळ आल्या असत्या. तशा त्या येत नव्हत्या. पण का, हे सांगायला स्लायफरकडे अंतरे नव्हती.

अंतराची किल्ली हेन्रिएटा लेव्हिट या विदुषीने हार्वर्ड येथे शोधली होती. १९१२ साली तिने दाखवले की सेफीड जातीच्या रूपविकारी ताऱ्यांचा आवर्तकाल जितका मोठा, तितका तारा मुळात अधिक तेजस्वी. माउंट विल्सनवरच्या १०० इंची दुर्बिणीतून हबलने १९२३ मध्ये देवयानीत असा तारा टिपला, आणि ती आपल्या आकाशगंगेच्या बाहेरची स्वतंत्र दीर्घिका आहे हे नक्की झाले. १९२९ साली त्याने २४ दीर्घिकांची अंतरे आणि वेग एका आलेखावर मांडले : अंतर जितके अधिक, ताम्रसृती तितकी अधिक. वेग बहुतेक स्लायफरचे होते. लेखात मात्र त्याचे नाव नाही. निधनाच्या वर्षी, १९५३ मध्ये, एका व्याख्यानाच्या तयारीसाठी हबलने स्लायफरला पत्र लिहून त्याच्या पहिल्या वर्णपटांच्या प्रती मागवल्या, आणि तेव्हा त्या पायाभूत कामाचे श्रेय मोकळेपणाने मान्य केले. चाळीस वर्षांनी का होईना. मला विचाराल तर हा हिशेब पुरेसा चुकता झाला असे वाटत नाही. आजही विद्यार्थी 'दीर्घिका दूर जातात हे हबलने शोधले' असेच पाठ करतात.

दुसरा उपेक्षित म्हणजे बेल्जियमचा धर्मगुरू आणि भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र. १९२७ साली त्याने सापेक्षतेच्या समीकरणांतून प्रसरण पावणारे विश्व मांडले आणि उपलब्ध आकड्यांवरून प्रसरणाचा दरही काढला. लेख फ्रेंचमध्ये, ब्रुसेल्सच्या फारशा न वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकात होता. १९३१ साली लंडनमध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले, त्यात दर काढण्याचा भाग गाळलेला होता. हे कोणी मुद्दाम केले काय, अशी शंका बरीच वर्षे घेतली जात होती. २०११ मध्ये पत्रव्यवहार तपासल्यावर कळले की भाषांतर आणि गाळणी दोन्ही लमेत्रने स्वतःच केली होती; हबलचे अधिक ताजे आकडे आल्यावर आपले जुने छापण्यात त्याला अर्थ वाटला नव्हता. २०१८ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने या नियमाला 'हबल-लमेत्र नियम' म्हणावे अशी शिफारस केली.

लमेत्रचे महत्त्व केवळ अग्रक्रमाचे नाही. त्याने ताम्रसृतीला नवा अर्थ दिला. डॉप्लरच्या अर्थाने पाहिले तर दीर्घिका अवकाशातून धावत आहेत आणि आपण नेमके मध्यभागी बसलो आहोत. लमेत्रच्या अर्थाने दीर्घिका धावत नाहीत, त्यांच्यामधील अवकाशच ताणले जाते. आणि प्रकाश वाटेत असताना त्याची लहरही त्याच प्रमाणात ताणली जाते. वर्गात हे दाखवायला सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून घ्यावी. तिच्यावर पेनाने एक नागमोडी लहर काढावी आणि थोड्या थोड्या अंतरावर बटणे चिकटवावीत. पट्टी ताणली की बटणांतील अंतरे वाढतात, लहर लांबते, आणि कोणत्याही बटणावरून पाहिले तरी बाकीची दूर जाताना दिसतात. बटणांऐवजी पेनाने ठिपके काढू नयेत. ठिपके स्वतः ताणले जातात आणि दीर्घिकाही फुगतात असा गैरसमज होतो. दीर्घिका, सूर्यमाला, आपण स्वतः गुरुत्वाकर्षणाने किंवा त्याहून बळकट बंधांनी बांधलेले असल्याने फुगत नाही.

या अर्थाने ताम्रसृतीचे गणित फार सुटसुटीत होते. झेडमध्ये १ मिळवा. प्रकाश निघाल्यापासून विश्वातील अंतरे तितक्या पट झाली. झेड १ असेल तर दुप्पट, २ असेल तर तिप्पट. झेडला प्रकाशाच्या वेगाने गुणून 'वेग' काढण्याची रीत झेड अगदी लहान असेल तेव्हाच चालते. ती पुढे ताणली की झेड २ असलेली दीर्घिका प्रकाशाच्या दुप्पट वेगाने पळते असा निष्कर्ष निघतो, विद्यार्थी गोंधळतात, आणि चूक आइनस्टाइनची की आपली हे त्यांना कळत नाही.

हबल स्वतः या अर्थाबाबत सावध होता. तो 'भासमान वेग' असा शब्द वापरी, आणि अर्थ लावण्याचे काम सिद्धान्तकारांवर सोपवी. १९२९ सालीच फ्रिट्झ झ्विकीने प्रकाश लांबच्या प्रवासात थकून ऊर्जा गमावत असावा अशी दुसरी कल्पना मांडली होती. सावधगिरीला आणखी एक कारण होते. हबलने काढलेला दर होता दर मेगापार्सेकला सेकंदाला सुमारे ५०० कि.मी. त्यावरून विश्वाचे वय येई जेमतेम दोन अब्ज वर्षे, आणि किरणोत्सारावरून काढलेले पृथ्वीच्या खडकांचे वय त्याहून अधिक येऊ लागले होते. आईपेक्षा मुलगी थोरली! चूक अंतरांत होती. १९५२ साली वॉल्टर बाडने सेफीड तारे दोन वेगळ्या प्रकारचे असल्याचे सांगितले आणि अंतरे एकदम दुप्पट झाली. पुढे आणखी दुरुस्त्या होत हा दर आज ६७ ते ७३ च्या दरम्यान येतो. मोजण्याच्या दोन रीतींत राहिलेली ही तफावत मिटलेली नाही. स्लायफरचे आकडे मात्र या सगळ्या उलथापालथीत जवळजवळ जसेच्या तसे टिकले.

ताम्रसृतीचा तिसरा अर्थ आइनस्टाइनने दिला. १९०७ पासून तो म्हणत होता की जड वस्तूजवळून निघणारा प्रकाश गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढताना ऊर्जा गमावील आणि त्याची तरंगलांबी वाढेल. येथे ना तारा पळतो, ना अवकाश ताणले जाते. सूर्याच्या बाबतीत हे सरकणे दहा लाखात दोन भाग इतके थोडे आहे. आपल्या तमिळनाडूतील कोडाईकनाल वेधशाळेत जॉन एव्हरशेडने १९१० च्या दशकात सूर्याच्या रेषांचे असे बारीक सरकणे चिकाटीने मोजले, पण सूर्याच्या पृष्ठभागावर वर-खाली उसळणाऱ्या वायूंची डॉप्लर सृती त्यात मिसळलेली असल्याने निकाल सरळ लागेना.

मग पुन्हा व्याधच मदतीला आला, आणि त्याने पुन्हा फसवले. व्याधाला एक मंद जोडीदार आहे, अतिशय घन असा श्वेत बटू. एडिंग्टनच्या हिशेबाप्रमाणे त्याची गुरुत्वीय ताम्रसृती सेकंदाला २० कि.मी. वेगाइतकी असावी. १९२५ साली माउंट विल्सनवर वॉल्टर अॅडम्सने ती मोजली आणि २१ आली. सर्वत्र आनंद झाला. १९७१ साली ग्रीनस्टाइन व सहकाऱ्यांनी मोजली ती ८९, आणि नंतर हबल दुर्बिणीने ८० च्या आसपास. एडिंग्टनचा हिशेब ज्या त्रिज्येवर बेतला होता तीच चुकीची होती, आणि अॅडम्सच्या वर्णपटात शेजारच्या झगझगीत व्याधाचा प्रकाश मिसळला होता. दोन चुका एकमेकींना बरोबर जुळल्या. प्रयोगशाळेत 'उत्तर बरोबर आले' म्हणून वही मिटणाऱ्या विद्यार्थ्याला ही गोष्ट ऐकवण्यासारखी आहे. सिद्धान्त खरा आहे हे शेवटी १९६० साली हार्वर्डमधील पाउंड आणि रेब्का यांनी साडेबावीस मीटर उंचीच्या मनोऱ्यात गॅमा किरणांवर प्रयोग करून दाखवले.

तीन अर्थ, पण मोजलेला आकडा एकच. त्यावर कोणत्या अर्थाचे हे लिहिलेले नसते. याचा प्रत्यय १९६३ साली आला. ५ फेब्रुवारी रोजी कॅलिफोर्नियात मार्टेन श्मिट '३सी २७३' या रेडिओस्रोताचा वर्णपट पाहत बसला होता. दिसायला तो मंद ताऱ्यासारखा, पण रेषा कोणत्याच मूलद्रव्याशी जुळत नव्हत्या. अचानक त्याला दिसले की त्या हायड्रोजनच्याच नेहमीच्या रेषा आहेत, फक्त १५.८ टक्के सरकलेल्या. ४८६.१ ची रेषा ५६३ नॅनोमीटरवर, म्हणजे हिरव्या-पिवळ्या भागात बसली होती. हा 'तारा' दोन अब्ज प्रकाशवर्षांहून दूर असला पाहिजे, आणि तरीही दिसतो याचा अर्थ तो शेकडो दीर्घिकांइतका तेजस्वी. अशा वस्तूंना क्वासार म्हणू लागले.

इतकी प्रचंड ऊर्जा एवढ्याशा जागेतून कशी येईल? हा प्रश्न रास्त होता, आणि काही नामांकित शास्त्रज्ञांनी उलट दिशेने विचार केला : अंतरच चुकीचे असेल, ताम्रसृती प्रसरणाची नसेलच. हॅल्टन आर्पने जवळच्या दीर्घिकांना खेटून दिसणाऱ्या, पण फार वेगळी ताम्रसृती असलेल्या क्वासारांची छायाचित्रे जमवली. फ्रेड हॉइल, जेफ्री बर्बिज आणि आपले जयंत नारळीकर यांनी हा प्रश्न लावून धरला. नारळीकरांनी त्यावर एक पर्यायही दिला. नव्याने निर्माण झालेल्या द्रव्यात कणांचे वस्तुमान कमी असेल, तर त्यातील अणूंनी दिलेल्या प्रकाशाची तरंगलांबी मुळातच जास्त असेल. मग ताम्रसृती वेगाशिवाय, अंतराशिवाय, द्रव्याच्या वयावरून येईल.

बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांनी हा पर्याय स्वीकारला नाही, आणि ते पुराव्याने. १९७९ साली आकाशात शेजारीशेजारी दोन सारखे क्वासार सापडले, दोघांची ताम्रसृती १.४१. ते एकाच क्वासारची दोन चित्रे होती. मधल्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखे काम केले होते, आणि त्या मधल्या दीर्घिकेची ताम्रसृती होती ०.३६. म्हणजे ज्याची ताम्रसृती अधिक तो खरोखर मागे होता. थकलेल्या प्रकाशाची कल्पनाही अशीच मागे पडली : १९९० च्या दशकात दूरच्या अतिनवताऱ्यांचे तेज मंदावायला नेमका झेड अधिक १ इतक्या पटीने जास्त वेळ लागतो असे आढळले, आणि प्रकाश नुसता थकत असता तर घड्याळे मंदावण्याचे काही कारण नव्हते. २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर पुण्यात निवर्तले. त्यांचे म्हणणे मान्य झाले नाही म्हणून ते प्रश्न विचारणे वाया गेले असे मला वाटत नाही. इतके कसून पुरावे गोळा करायला भाग पाडणारे कोणी असावे लागते.

आज जेम्स वेब दुर्बिणीने १४ हून अधिक झेडच्या दीर्घिका नोंदवल्या आहेत. तेथून अतिनीलमध्ये, १२१.६ नॅनोमीटरला निघणारी हायड्रोजनची खूण आपल्यापाशी पोचते तेव्हा पंधरापट लांबून अवरक्तात गेलेली असते. तांबडा रंग वाटेतच मागे पडतो. विश्वाच्या सुरुवातीच्या काळातले, आज सूक्ष्मलहरी म्हणून येणारे प्रारण तर झेड ११०० चे आहे.

आणि नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीकडे पाहिले तर शब्दाची आणखी एक गंमत दिसते. हायड्रोजन वायूची रेडिओ रेषा प्रयोगशाळेत २१ सेंटिमीटरला असते, तांबड्या प्रकाशाच्या आधीच कितीतरी पलीकडे. २०२० साली तेथील निरीक्षणांतून पुण्याच्या शास्त्रज्ञांनी जवळजवळ आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतल्या या वायूचा एकत्रित ठसा मिळवला. तो आला सुमारे ४२ सेंटिमीटरच्या आसपास. रेषा तांबड्या रंगापासून आणखी दूर गेली होती, आणि नोंदवहीत तिच्यापुढे लिहिले गेले : ताम्रसृती, १.